नऊ गुंठे गांजा आणि सरकारचे देणे

1990 च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराचे जवान उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट काउंटीत, किंग रेंजच्या डोंगरांत उतरले. गांजाची झाडे शोधून उपटायची, एवढेच त्यांचे काम. मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन ग्रीन स्वीप’. स्वतःच्याच देशातला गांजा उपटायला नियमित सैन्य वापरण्याची अमेरिकेतली ती पहिली वेळ. हेलिकॉप्टर मात्र तिथल्या लोकांना नवे नव्हते. 1983 पासून ‘कॅम्प’ नावाची राज्य आणि केंद्राची संयुक्त मोहीम पीक कापणीला आले की दरवर्षी डोंगरांवर घिरट्या घालत असे. मग तीसेक वर्षांनी त्याच काउंटीच्या कचेरीतून अर्ज निघाले. छाप्यांची झळ बसली असेल, गांजाच्या गुन्ह्यात अटक किंवा शिक्षा झाली असेल, उत्पन्न कमी असेल, शेत लहान असेल तर अर्ज करा, अनुदान मिळेल.

हे अनुदान म्हणजे जुन्या अन्यायाची भरपाई, की बुडणाऱ्या शेतकऱ्याच्या हातावर ठेवलेली चिरीमिरी? पुढच्या संवादातले मामा आणि भाची लेखापुरते उभे केले आहेत. त्यांच्या तोंडचे आकडे, कायदे आणि घटना प्रत्यक्षातल्या आहेत. मामा यवतमाळचे. जिल्हा बँकेत पीककर्जाच्या टेबलावर त्यांची उमर गेली. भाची हम्बोल्टजवळ राहते आणि ग्रामीण धोरणांचा अभ्यास करते. मामा महिनाभर तिच्याकडे आलेले आहेत.

“गांजाला अनुदान!” मामांनी पहिल्याच दिवशी विचारले. “तुमच्या सरकारला दुसरं पीक सापडलं नाही का?”

“मामा, पीक नंतर पाहू. आधी माणसं कोण ते ऐका,” भाची म्हणाली. “साठीच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरीत शहर सोडून आलेली पोरं इथल्या डोंगरांत राहिली. लाकूडतोडीचा धंदा बसत चालला होता, सॅल्मन मासा कमी होत होता. परसात लावलेला गांजा हेच हळूहळू रोख पीक झालं. हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांना मिळून लोक ‘एमरल्ड ट्रँगल’ म्हणू लागले. 1996 मध्ये राज्यानं औषधी वापराला परवानगी दिली. 2016 मध्ये ‘प्रपोझिशन 64’ मंजूर झालं आणि 1 जानेवारी 2018 पासून प्रौढांना दुकानात विक्री सुरू झाली. म्हणजे ज्यांनी तुरुंगाची भीती बाळगून हे पीक जपलं, वाण तयार केले, त्यांच्या हाती धंदा राहायला हवा होता की नाही?”

“हवा होता. राहिला का?”

“तेच सांगते. 2017 मध्ये ओकलंड शहरानं पहिल्यांदा नियम केला. ठरावीक पोलीस हद्दीत वीसपैकी दहा वर्षं राहिलेला किंवा गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, कमी उत्पन्नाचा ओकलंडकर असेल तर त्याला परवान्यात प्राधान्य. मग 2018 मध्ये सिनेटर स्टीव्हन ब्रॅडफर्ड यांनी राज्याचा समन्याय कायदा करून घेतला. ज्या शहरानं किंवा काउंटीनं असा कार्यक्रम आखला, तिला राज्य पैसे देणार. 2019 मध्ये एक कोटी डॉलर वाटले, 2020 मध्ये तीन कोटी. हम्बोल्टला पहिल्या वर्षी सुमारे 13 लाख आणि दुसऱ्या वर्षी सुमारे 24 लाख मिळाले.”

मामांनी मान हलवली, पण ती पसंतीची नव्हती. “ओकलंडचं मला पटतं. तिथे काळ्या माणसाला जास्त पकडलं, हे मी वाचलंय.”

वाचले होते ते खरेच होते. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनचा 2013 चा अहवाल सांगतो की गांजाचा वापर दोन्ही समाजांत साधारण सारखाच असताना, गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता काळ्या माणसाच्या बाबतीत गोऱ्याच्या जवळजवळ पावणेचार पट होती. मामांचा प्रश्न पुढचा होता. “पण हे डोंगरातले शेतकरी तर बहुतेक गोरे. यांचा कुठला समन्याय? आणि मी असंही ऐकलं की यांच्यातल्याच काहींनी नद्या उपसल्या, उंदरांचं विष टाकलं. त्याची भरपाई कोण करणार?”

हा प्रश्न टाळून चालणार नाही. 2014 च्या जुलैत युरोक आदिवासींनी स्वतः सरकारी पथकांना आपल्या भूमीत बोलावले. बेकायदा लागवडीमुळे क्लॅमथ नदीला मिळणारे ओढे आटत होते. जंगलातल्या फिशर या मुंगूसवजा प्राण्याच्या मेलेल्या शरीरांत उंदीरनाशक सापडत होते. मोकळ्या डोंगरातला प्रत्येक उत्पादक साधा, निष्पाप शेतकरी होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

भाचीने ते नाकारले नाही. “म्हणूनच परवाना घेणाऱ्यावर अटी कडक आहेत, आणि त्या योग्यच आहेत. 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर ओढ्यातून पाणी उचलायचं नाही. मग उन्हाळ्यात झाडं जगवायची कशी? हिवाळ्यात साठवलेल्या पाण्यावर. त्यासाठी टाक्या हव्यात, शेततळं हवं. ओढ्यावरच्या मोरीसाठी मत्स्य आणि वन्यजीव खात्याचा करार, रस्त्याची माती वाहून जाऊ नये म्हणून दुरुस्ती, डिझेल जनरेटरऐवजी सौर पॅनेल. सगळं डोंगरात, जिथे काँक्रीटचा ट्रक पोचायलाच दिवस जातो. हा खर्च शेतकऱ्याचा, पण वाचणारा ओढा सगळ्यांचा. त्यासाठी सार्वजनिक पैसा लावला तर चूक काय?”

“बँकेचं कर्ज घ्यावं.”

“कुठली बँक देते, मामा? केंद्राचा कायदा अजून गांजाला मोकळं करत नाही. मोठ्या बँका दारात उभं करत नाहीत. केंद्राचा पीकविमा नाही, कृषी खात्याचं आपत्ती अनुदान नाही. 2020 मध्ये ऑगस्ट कॉम्प्लेक्स वणवा इथल्या डोंगरांतून गेला. ज्यांची गांजाची शेतं जळाली त्यांना इतर शेतकऱ्यांसारखी केंद्राची मदत मागायची सोयच नव्हती. आयकरातही कलम 280-ई आहे, 1982 चं. अमली पदार्थांच्या व्यापारातला इतर धंदेवाल्यांसारखा खर्च त्यात वजा करता येत नाही. केंद्र असा हात आखडतं, तेव्हा शेतकऱ्यासाठी उरते फक्त काउंटी आणि राज्य.”

तिच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. द्राक्ष, बदाम पिकवणाऱ्या किंवा दुधाचा धंदा करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याच्या मागे केंद्र सरकारचा मोठा डोलारा उभा असतो. शेजारच्या वाफ्यात गांजा लावणाऱ्याला त्यातले काहीही मिळत नाही. स्थानिक अनुदान ही विशेष मेहेरबानी आहे असे म्हणणाऱ्याने आधी ही तुलना करून पाहावी.

मामांनी मग आपले कामाचे हत्यार काढले, म्हणजे कागद आणि पेन. “एक छोटा शेतकरी घे. क्षेत्र किती?”

“छोट्या परवान्याची कमाल मर्यादा 10,000 चौरस फूट.”

“म्हणजे नऊ गुंठे आणि वर थोडं. पाव एकरही नाही. आता याच्यावर कर किती?”

भाचीने सांगितले आणि मामा लिहीत गेले. हम्बोल्टच्या मतदारांनी 2016 मध्ये ‘मेझर एस’ मंजूर केले. उघड्यावरच्या लागवडीला चौरस फुटाला एक डॉलर, काही प्रमाणात दिवे वापरणाऱ्याला दोन, पूर्ण बंदिस्त लागवडीला तीन. म्हणजे नऊ गुंठ्यांवर वर्षाला दहा हजार डॉलर, आणि तो कर क्षेत्रफळावर. भाव पडो, पीक बुरशीने जावो, कर तोच. वर राज्याचा लागवड कर होता. 2018 मध्ये सुक्या फुलांच्या औंसाला सव्वानऊ डॉलर, म्हणजे पौंडाला 148. महागाईप्रमाणे तो वाढत 2022 मध्ये 161 डॉलर झाला.

“आणि भाव?”

“चांगल्या दिवसांत पौंडाला हजार डॉलरच्या वर. 2021 मध्ये तो कोसळला. पुढे उघड्यावरच्या मालाला काही शेकडे डॉलर मिळाले तरी नशीब, असं झालं.”

“म्हणजे भाव पडला आणि कर चढला,” मामा म्हणाले. “आणि वरून अनुदान. पोरी, हे तर एका खिशातून काढून दुसऱ्यात घालणं झालं, आणि मधे अर्ज, तपासणी, मंजुरीचा खर्च. शेतकरी काउंटीकडून पैसे घेतो आणि काउंटीचीच फी भरतो. माझ्या बँकेत आम्ही याला नवं-जुनं करणं म्हणायचो. जुनं कर्ज नव्या कर्जानं फेडायचं. कागदावर थकबाकी दिसत नाही. शेतात मात्र काहीच बदललेलं नसतं.”

इथे भाची थोडी अडखळली, कारण मामांचे म्हणणे काउंटीने स्वतःच एका अर्थी मान्य केले होते. 2022 च्या सुरुवातीला हम्बोल्टच्या पर्यवेक्षक मंडळाने मेझर एसचे मागच्या वर्षाचे देणे 85 टक्क्यांनी कमी केले. त्याच वर्षी 1 जुलैपासून राज्याने लागवड कर पूर्ण रद्द केला. अनुदानाच्या मंजुऱ्या आणि करमाफीचा हा निर्णय शेजारी ठेवून पाहिले तर शेतकऱ्याला कशाने लवकर श्वास मिळाला, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

“पण सरसकट करमाफीनं फायदा मोठ्यालाही होतो,” भाची सावरून म्हणाली. “जितकं क्षेत्र मोठं तितकी सूट मोठी. अनुदान निवडून देता येतं. आणि सगळं अनुदान फीमध्ये गेलं असं नाही. 2021 च्या अर्थसंकल्पात राज्यानं दहा कोटी डॉलर 17 शहरं आणि काउंट्यांना दिले. शेतकऱ्यांचे तात्पुरते परवाने कायमचे व्हावेत, हा हेतू. हम्बोल्टच्या वाट्याला सुमारे एक कोटी 86 लाख आले. त्यातला पैसा पाणीसाठा, सौर ऊर्जा, रस्ते यांसाठी शेतकऱ्यांपर्यंत पोचवायची योजना काउंटीनं आखली. टाकी एकदा बसली की वीस वर्षं राहते, मामा. ती नवं-जुनं नाही.”

“टाकी राहते. शेतकरी राहतो का?”

या एका वाक्यापाशी संवाद बराच वेळ थांबला. लेखकाच्या मते सगळ्या वादाचा कणा इथेच आहे.

मामांच्या बोलण्याला 2008 ची पार्श्वभूमी होती. त्या वर्षी भारतात केंद्राने देशभर शेतकरी कर्जमाफी केली. दोन हेक्टर, म्हणजे पाच एकरांच्या आतल्याला पूर्ण माफी. त्यावरच्याने सर्वसाधारणपणे पाऊण कर्ज भरले तर पाव माफ. कागदावर निकष निर्मळ होता. पण विदर्भात कोरडवाहू कापूसवाला सहा-सात एकरांचा धनी असून बागायती दोन एकरवाल्यापेक्षा गरीब असतो. तो पूर्ण माफीबाहेर राहिला. सावकाराचे कर्ज काढलेला तर हिशेबातच नव्हता. “आमच्या टेबलावर दोन माणसं शेजारी बसायची,” मामा सांगत होते. “ज्याला गरज जास्त तो हात हलवत परत जायचा. निकष लिहिणारा कधी त्या शेतावर गेलेला नसतो. तुमच्याकडेही ज्यानं परवाना घ्यायची हिंमतच केली नाही, ज्याच्याकडे सल्लागाराला द्यायला पैसे नव्हते, तो यात कुठे आहे?”

“बहुतेक बाहेरच,” भाचीने मान्य केले. “मजुरी करणाऱ्या, कापणीच्या वेळी फुलं छाटायला बसणाऱ्या बायकाही बऱ्याचशा बाहेर. हम्बोल्टनं निकष ठरवण्याआधी इथल्या विद्यापीठातल्या ग्रामीण धोरण केंद्राकडून अभ्यास करून घेतला, छाप्यांचा इतिहास मांडला. ते चांगलं केलं. शेजारच्या मेंडोसिनोत 2020 मध्ये अनुदान मंजूर झालं आणि शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत भाव पडून गेले होते, अशी तक्रार आहे. वेळेवर न पोचलेलं बियाणं काय कामाचं?”

“मग तू माझ्याच बाजूची झालीस.”

“नाही. उशीर झाला म्हणून देणं फिटत नाही. ज्या सरकारनं हेलिकॉप्टर पाठवलं, घरातला कर्ता तुरुंगात टाकला, जमीन जप्त केली, त्यानं काहीतरी परत द्यायलाच हवं. हे मी सोडणार नाही.”

मामा यावर काही बोलले नाहीत. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला देणे या शब्दाचे वजन कळते. त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली. भाव पडला तो का? एवढा माल आला कुठून?

उत्तर प्रपोझिशन 64 च्या अंमलबजावणीत आहे. मतदारांना वचन दिले होते की मोठ्या क्षेत्राचे परवाने पहिली पाच वर्षे द्यायचे नाहीत, म्हणजे छोट्याला पाय रोवायला सवड मिळेल. एका मालकाला एक एकराची मर्यादा ठेवण्याची चर्चा होती. 2017 च्या नोव्हेंबरात राज्याच्या कृषी खात्याने तातडीचे नियम काढले, त्यात ही मर्यादा नव्हती. नऊ गुंठ्यांचे छोटे परवाने एकाच कंपनीने कितीही घ्यावेत, अशी वाट मोकळी झाली. सांता बार्बरा काउंटीत कंपन्यांनी डझनांनी छोटे परवाने एकमेकांशेजारी मांडले आणि त्यातून एकरांची शेते उभी राहिली. छोट्यांच्या संघटनेने 2018 च्या सुरुवातीला याविरुद्ध कोर्टात धाव घेतली, पण दावा टिकला नाही. विक्रीची बाजू उलट अरुंद होती. दुकान चालू द्यायचे की नाही हे स्थानिक संस्थांच्या हाती दिले होते, आणि राज्यातल्या निम्म्याहून अधिक शहरांनी आणि काउंट्यांनी दुकानांना बंदीच ठेवली. राज्याबाहेर माल नेणे केंद्राच्या कायद्याने गुन्हा. पिकवायला मोकळे रान, विकायला गल्ली. भाव पडण्यासाठी आणखी काही लागत नाही.

“शेतकरी स्वतः विकू शकत नाही?” मामांनी विचारले. “शेताच्या बांधावर, आठवडी बाजारात?”

“साध्या लागवड परवान्यावर नाही. माल परवानाधारक वितरकाकडे, तिथून प्रयोगशाळेत, मग दुकानात. बाजारात थेट विकू द्यावं म्हणून विधेयकं आली, एक 2022 मध्ये, पुढेही आली. तशी सरसकट मुभा अजून नाही. न्यूयॉर्कनं मात्र 2023 च्या उन्हाळ्यात करून दाखवलं. तिथे शेतकऱ्यांकडे माल पडून होता आणि दुकानं उघडत नव्हती. मग दुकानदार परवानाधारकाला सोबत घेऊन शेतकऱ्यांनी मैदानात विक्रीमेळे भरवले.”

“आणि सहकार? पन्नास जणांनी एकत्र येऊन वितरण स्वतः करायचं. आमच्याकडे साखर, दूध, द्राक्ष सगळं असंच उभं राहिलं. त्यात पुढे काय वाईट शिरलं ते मी जवळून पाहिलंय, तरी सांगतो, सोसायटी नसती तर माझ्या गावात एकाही छोट्या शेतकऱ्याला पीककर्ज मिळालं नसतं.”

भाचीने कायद्यातली तरतूद वाचून दाखवली. 2017 च्या कायद्याने गांजा उत्पादकांच्या सहकारी संस्थांना परवानगी दिली, पण सगळ्या सभासदांचे मिळून लागवड क्षेत्र चार एकरांच्या वर जाता कामा नये, अशी अट घालून.

मामांनी कागद पुन्हा ओढला. चार एकर म्हणजे 160 गुंठे. नऊ गुंठेवाले फार तर सतरा सभासद. “सतरा माणसांची संस्था वितरणाची गाडी, गोदाम, तपासणीचा खर्च कशी पेलणार? आणि कंपनीला क्षेत्राची मर्यादाच नाही म्हणतेस! बेटा, तुझं अनुदान राहू दे. आधी ही ओळ काढायला सांग.”

इथे दोघांचे एकमत झाले असते तर बरे झाले असते, पण झाले नाही. भाचीचे म्हणणे असे की काउंटीच्या हातात राज्याचा कायदा नाही. पर्यवेक्षक मंडळ आपल्या हद्दीत जे करू शकते ते म्हणजे अनुदान, करात सूट आणि मालाच्या नावाची जपणूक. त्यातली शेवटची गोष्ट मामांना लगेच समजली. 2020 च्या कायद्याने असे ठरले की एखाद्या प्रदेशाचे मानांकन मिळवायचे तर झाड जमिनीतच लावलेले हवे. हरितगृह नको, कृत्रिम दिवे नकोत. सांता बार्बराच्या प्लॅस्टिकखालच्या शेताला हा मान मिळू शकत नाही, मॅटोल नदीकाठच्या उतारावरच्या नऊ गुंठ्यांना मिळू शकतो. पण मानांकनाचा अर्ज तयार करायचा, माती आणि हवामानाचा पुरावा जमवायचा, तर तिथेही पैसा लागतो. “बघा मामा,” ती म्हणाली, “इथे अनुदान लागतंच.”

“इथे लागेल,” मामा म्हणाले. “इथे दे. फीसाठी देऊ नकोस.”

लेखकाला मामांचे हे शेवटचे वाक्य सगळ्या चर्चेतून निघालेले सर्वांत उपयोगी वाक्य वाटते, आणि भाचीचा आग्रहही सोडवत नाही. अन्यायाचे देणे खरे आहे. ते नाकारणाऱ्याने एकदा त्या हेलिकॉप्टरांखाली वाढलेल्या माणसांशी बोलावे. पण ते देणे सरकारने स्वतःच्याच फीच्या पावतीवर फेडले तर ते फिटत नाही. पाण्याच्या टाकीला, सौर पॅनेलला, मानांकनाच्या अर्जाला, सहकारी गोदामाला दिलेला डॉलर शेतात राहतो. परवाना शुल्कासाठी दिलेला डॉलर महिन्याभरात कचेरीत परत येतो, आणि तरीही वार्षिक अहवालात लाभार्थी म्हणून शेतकऱ्याचे नाव छापले जाते. अनुदानाचे यश किती धनादेश निघाले यावर मोजू नये. ज्यांना धनादेश मिळाले त्यांच्यातले किती जण तीन वर्षांनी पिकवत आहेत, हे दर काउंटीने जाहीर करावे.

2024 च्या मार्चमध्ये हम्बोल्टमध्ये ‘मेझर ए’वर मतदान झाले. मोठ्या लागवडीला आळा घालू असे सांगणारा तो प्रस्ताव होता, पण त्यातल्या अटी छोट्यांनाही जाचक ठरतील म्हणून शेतकऱ्यांच्या संघटनेने आणि काउंटीच्या नेत्यांनी त्याला विरोध केला. मतदारांनी तो मोठ्या फरकाने फेटाळला. लोकांना आपल्या डोंगरातला छोटा शेतकरी टिकायला हवा आहे, एवढे त्यातून नक्की दिसते. आता सॅक्रामेंटोतल्या राज्य विधिमंडळाने दोन गोष्टी कराव्यात. नऊ गुंठेवाल्याला स्वतःचा माल स्वतः विकू द्यावा, आणि त्याच्या सहकारी संस्थेला कंपनीइतके तरी क्षेत्र द्यावे. काउंट्यांनी तोवर अनुदान थांबवू नये. फक्त ते आपल्याच शुल्काच्या खिडकीवर परत घेऊ नये.